जुन्या शेडमधला नमुना

प्रशांतला आपल्या धाकट्या भावजयीचा राग यायचा तो एकाच गोष्टीसाठी. बाई खरं बोलायची, आणि तेही जेवताना.

दिलसुखनगरच्या मागच्या अंगाला त्यांचं तीन मजली घर. खाली एकनाथराव, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, आणि सावित्रीबाई. मधल्या मजल्यावर प्रशांत, त्याची बायको राणी आणि त्यांची छोटी मुलगी. वर धाकटा युवराज आणि त्याची बायको निशिगंधा. चुली वेगळ्या करायचं नाव काढलेलं अण्णांना खपत नसे, म्हणून संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं खाली. अण्णांनी तरुणपणी बीदरकडची जमीन भावांवर सोडून इब्राहीमपट्टणमच्या पुढं कोंबड्यांची शेड टाकली होती. आता तिथं एक जुनी, एक नवी अशा दोन शेड होत्या, हजारांनी पक्षी होते आणि कारभार सगळा प्रशांतच्या हातात होता. युवराज बँकेत चिकटलेला. निशिगंधा विद्यानगरच्या एका मास्तरांची मुलगी. माहेरच्या घराजवळच्याच विद्यापीठात ती जंतूंवर संशोधन करायची. जंतू आपले गुण एकमेकांना कसे देतात हा तिचा विषय. असल्या विषयावर माणसं पोसली जातात याचं प्रशांतला भारी हसू यायचं.

त्या दिवशी पानात आंबाडीची भाजी होती. सावित्रीबाईंनी सहज विचारलं, "तू दिवसभर करतेस तरी काय गं तिथं?"

"जंतूंचं देणंघेणं बघते, आई," निशिगंधा म्हणाली. "आपल्यात गुण आईबापाकडून लेकराकडं येतात. जंतूंचं तेवढ्यावर भागत नाही. एक जंतू शेजारच्याला चिकटतो, दोघांच्या मध्ये नळीसारखं काहीतरी तयार होतं आणि त्यातून एक बारकासा गोल धागा पलीकडं जातो. त्या धाग्यावर गुण असतात. औषधाला न जुमानायचा गुण असला तर तोही जातो. नातं लागत नाही, जात एक असावी लागत नाही. कोंबडीच्या पोटातला जंतू माणसाच्या पोटातल्या भलत्याच जंतूला देऊन मोकळा. घेणारा मग तो आपल्यात जोडतो, तोडतो, त्याचं आणखी काही तिसरंच करतो."

"आणि देणाऱ्याकडचं संपतं?"

"नाही ना. त्याच्याकडं राहतंच."

"म्हणजे विरजणासारखं," सावित्रीबाई म्हणाल्या. "शेजारणीला वाटीभर दिलं तरी आपलं भांडं आपल्याकडं."

दोघी सासूसुना हसल्या. त्यांचं असं गूळपीठ जमलं की राणीला बोचायचं आणि प्रशांतला जेवण गोड लागायचं नाही. त्यात निशिगंधा त्याच्याकडं वळली. "म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात औषध घालू नये, भाऊजी. कोलिस्टिनवर सरकारनं बंदी घातली ती उगाच नाही. आयसीयूतलं ते शेवटच्या फळीतलं औषध आहे. वजन वाढावं म्हणून पक्ष्यांना रोज थोडं थोडं चारलं की त्यांच्या पोटातले जंतू त्याला सरावतात. मग तो धागा कुठं कुठं जाईल सांगता येत नाही."

"आपल्याकडं नाही बाबा तसलं काही," प्रशांत म्हणाला. "बंदी आली त्या दिवसापासून चिमूटभर नाही."

खोटारडा. जुन्या शेडच्या मागं ताडपत्रीखाली पोत्यांची थप्पी होती. वर छापलेलं टॉनिक, आत तीच पावडर. ती देणारा माणूस मलकपेठच्या बाजारात गपचूप माल पोचवायचा आणि प्रशांत गपचूप घ्यायचा. पावडर नसली की पिल्लांना हगवण लागते, पक्षी वेळेत भरत नाही, माल उचलणारे व्यापारी नाकं मुरडतात. हे सगळं खरंच होतं. पण खरं होतं म्हणून ते पानावर बसून सांगायची त्याची छाती नव्हती, आणि धाकट्या भावाच्या बायकोसमोर तर नाहीच नाही.

पंधरवड्यानं निशिगंधानं आणखी एक खूळ काढलं. शहराभोवतीच्या शेडमधलं लिटर, म्हणजे पक्ष्यांच्या पायाखाली अंथरलेलं विष्ठा मिसळलेलं तूस, तपासायचं काम तिच्या विभागात निघालं होतं. तिला वाटलं, आधी आपल्या घरचं तपासावं. "आपली शेड चांगली निघाली की मी सगळीकडं दाखवीन, भाऊजी. पावडरीशिवाय धंदा होतो म्हणून." पोरगी मनापासून बोलत होती. आणि ती मनापासून बोलते हेच तर प्रशांतच्या नाकाला झोंबायचं.

"नमुने घ्यायला मी येते तिकडं," ती म्हणाली.

"नक्को. लहान पिल्लं आहेत आत. बाहेरच्या माणसाच्या चपलेबरोबर रोग येतो, हे मी तुला सांगायचं का? पिशव्या दे. मी भरून आणतो."

निशिगंधानं पिशव्या दिल्या. प्रत्येक पिशवीवर तिनं त्याच्यासाठी मुद्दाम मराठीत लिहून दिलं होतं: जुनी शेड, नवी शेड, दाराजवळ, मधोमध. आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, नमुना दुसऱ्याच्या हातून कसा घेते? अहो, दुसरा असता तर तिनं घेतला नसताच. बाकीच्या शेडवर ती स्वतः गुडघ्यापर्यंत प्लास्टिक घालून उतरली. पण थोरल्या दिरानं आणून देतो म्हटल्यावर सुनेनं काय म्हणायचं? मला तुमचा भरवसा नाही? असं बोलायची आपल्या घरात सोय नसते. तिच्या साहेबांनीही विचारलं होतं, नमुने कुणी घेतले म्हणून. घरच्यांनी, असं ती अभिमानानं म्हणाली.

प्रशांतनं काय केलं? शेडच्या मागं सावित्रीबाईंचं खुराडं होतं. पाचसहा गावरान कोंबड्या, ज्वारी आणि भाकरीचे तुकडे खाऊन उकिरड्यावर हिंडणाऱ्या. घरात अंडी त्यांचीच यायची, कारण शेडमधला पक्षी खायला या घराच्या जिवावर यायचं. त्या खुराड्यातली विष्ठा त्यानं खरवडली, त्यात नवं तूस मिसळलं आणि एकूण एक पिशवी भरली.

भरता भरता मागं पाहतो तर आई उभी. त्या दिवशी त्या त्याच्याबरोबर गाडीतून अंडी घ्यायला आल्या होत्या. सावित्रीबाईंना चौथीपर्यंतचं मराठी वाचता यायचं. पिशवीवरचं 'जुनी शेड' त्यांनी वाचलं, मग खुराड्याकडं पाहिलं.

"पोरीला फसवतोस होय रे?"

"मग काय करू? तिला पावडरीचं कळलं तर शेडला टाळं लागेल. अण्णांनी जन्म घातलाय इथं."

सावित्रीबाई वाकून अंडी गोळा करायला लागल्या. "हे बरं नाही, प्रशांता," एवढंच म्हणाल्या आणि अंडी पदरात घेऊन गाडीत जाऊन बसल्या. घरी कुणालाही त्यांनी काही सांगितलं नाही. लेकाची बाजू घ्यायची म्हणून घेतली, इतर आया घेतात तशीच.

नमुने स्वच्छ निघाले. निघणारच. ज्वारी खाणाऱ्या कोंबडीच्या पोटात ती पावडर यायची कुठून? निशिगंधा पेढे घेऊन आली. विभागातल्या सभेत तिनं आपल्या घरच्या शेडचं उदाहरण दिलं, पडद्यावर प्रशांतचं नाव दाखवून आभार मानले आणि त्याचा फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवला. अण्णांची मान ताठ झाली. प्रशांतनंही दोन पेढे खाल्ले आणि अजून एक मागितला. लाज नावाची गोष्ट त्याला नव्हतीच असं नाही, पण त्या दिवशी ती कुठं गेली होती कोण जाणे.

या घराची एक रीत होती. एका खेपेच्या पक्ष्यांचा लॉट विक्रीला तयार झाला की गाड्या भरायच्या आधी जुन्या शेडमधला पहिला पक्षी शेजारच्या पोचम्मा देवीला द्यायचा. अण्णांनी शेड टाकली तेव्हा तिथल्या गड्यांनी शिकवलेली ही रीत. कापायचं काम गड्याचं, पण पिसं काढण्यापासून आतडी धुण्यापर्यंत सगळं सावित्रीबाई आपल्या हातानं करायच्या. देवीचं आहे, दुसऱ्याचा हात नको. तिथंच तीन दगडांवर शिजवायच्या, नैवेद्य दाखवायच्या आणि प्रसाद म्हणून त्यातला घास आधी स्वतः खायच्या. एरवी शेडमधला पक्षी न खाणारी बाई देवीसाठी मात्र दर लॉटला खायची. निशिगंधानं एकदा रबरी हातमोजे आणून दिले होते. "देवीला काय वाटेल गं?" म्हणून त्यांनी ते मोरीत झाडलोटीला वापरले. आणि शेड तर स्वच्छ निघाली होती, म्हणून निशिगंधानंही पुढं आग्रह धरला नाही.

श्रावण लागताना सावित्रीबाईंचं पोट दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. मलकपेठच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते व्यवस्थित झालं, आणि सगळे जरा सैल झाले. मग हुडहुडी भरून ताप आला. त्यांना साखरेचा त्रास जुनाच, मूत्रपिंडंही त्यामुळं नाजूक. ताप उतरेना, रक्तदाब उतरला, आणि त्यांना आयसीयूत हलवलं. रक्तात जंतू सापडले, आणि नेहमीच्या एकाही औषधाला ते दाद देईनात.

आयसीयूच्या डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, पण प्रशांतशी हैदराबादच्या हिंदीत बोलायच्या. त्यांनी घरच्यांना छोट्या खोलीत बसवलं. अण्णा, युवराज, निशिगंधा आणि प्रशांत.

"देखो, सीधी बात बोलती मैं," त्या म्हणाल्या. "दो रास्ते हैं. एक पुरानी दवा है, कोलिस्टिन. इधर रखी है, अब्बीच शुरू कर सकती. मगर अम्मा की किडनी पे मारती वो. दूसरी नई दवा है, दो चीज़ाँ मिला के देना पड़ता. वो मंगाना पड़ेगा, कल तक आती. कोलिस्टिन चलती कि नहीं, उसका सही टेस्ट होने को दो-तीन दिन लगते. उतना टाइम नहीं है अम्मा के पास. पहली दवा ग़लत पड़ी तो किडनी दूसरा मौक़ा नहीं देगी." मग त्यांनी कागदावरची नजर उचलली. "पेशंट के काग़ज़ पे लिखा है, मुर्ग़ियों का काम है घर में. फ़ार्म पे ये दवा चलती क्या? चलती तो बोल दो. मैं पुलिस नहीं हूँ. चलती होगी तो मैं कल तक रुकती, नई वाली ही देती."

प्रशांतनं तोंड उघडलंही असतं. उघडलं असतं की नसतं, हे आता देवालाच माहीत. पण त्याच्या आधी निशिगंधा बोलली.

"नहीं मॅडम. मैंने खुद टेस्ट किया है. यही मेरा काम है. हमारे शेड का लिटर बिलकुल साफ़ है, उसमें वो जीन नहीं है." आणि आपल्या शब्दाला जोर यावा म्हणून ती दिराकडं वळली. "हो ना, भाऊजी? पिशव्या तुम्हीच भरून आणल्या होत्या."

सगळे त्याच्याकडं पाहायला लागले. अण्णा, भाऊ, डॉक्टरीणबाई. काचेपलीकडं आई होती, नाकात नळी आणि हाताला सुई. पिशव्यांत खुराड्यातलं होतं, एवढं एकच वाक्य त्याला बोलायचं होतं. सांगितलं असतं तर शेडला टाळं लागलं असतं, अण्णांनी तोंडात मारली असती, भावानं बोलणं टाकलं असतं. आणि निशिगंधा बरोबर ठरली असती. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला शेडपेक्षा हे शेवटचं जास्त टोचलं.

"हौ," प्रशांत म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि त्या लगेच उठल्या. थोड्याच वेळात सलाइनला ते औषध लागलं. प्रशांत बाहेर बाकावर बसून स्वतःला समजावत होता, लागू पडेलही. सगळेच जंतू थोडेच सरावलेले असतात? आईनं खाल्लेला तो एवढासा घास, तेवढ्यानं काय होणार? नाही पडलं लागू, तर उद्या सांगू. माणूस स्वतःच्या आईचा जीव असा उद्यावर टाकू शकतो, यावर माझाही आधी विश्वास बसला नसता.

आणि बाकावरून उठून तो गेला कुठं माहितीये? देवळात? डॉक्टरीणबाईंच्या मागं? छे. गाडी काढली आणि शेडवर गेला. आईच्या अंगात ते औषध थेंब थेंब जात होतं, तेव्हा हा माणूस जुन्या शेडच्या मागं खड्डा खणवून पोती पुरत होता. वर चुना टाकला, माती ओढली, पायानं दाबली. मग हात धुऊन, शर्ट झटकून परत मलकपेठला आला आणि राणीनं पाठवलेला डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच होता आणि लघवी कमी झाली. एकेकानं आत जायचं होतं. प्रशांतची पाळी आली. सावित्रीबाई जाग्या होत्या. ओठांना कोरड पडलेली, पण डोळे साफ उघडे.

"सांगितलंस का रे?"

"काय, आई?"

"पावडरीचं. ती पोरगी म्हणत होती ना, शेवटचं औषध म्हणून. मला तेच लावलंय म्हणे. सिस्टर बोलत होत्या आपसात." त्यांना दम लागला. "देवीचा पक्षी मी खाल्लाय, प्रशांता. दर बारीला. ते माझ्याही पोटात आलं असणार. विरजणासारखं."

बाहेर दारापाशीच डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. हाक मारली असती तरी आत आल्या असत्या. तो आईच्या कानाशी वाकला.

"हौ, आई. सांगितलं. त्यांनी औषध बदललंय."

सावित्रीबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी सुई नसलेला हात उचलून त्याच्या गालाला लावला. "माझं लेकरू ते," म्हणाल्या. "आता त्या पोरीचीही माफी माग. रागावायची नाही ती."

"मागतो."

या दोघांतलं हे शेवटचं बोलणं. दुपारी त्यांना श्वासाचं यंत्र लावलं. टेस्टचा निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. ते औषध त्या जंतूला पाण्यासारखं होतं. नवं औषध मागवलं, डायलिसिस लावलं, पण मूत्रपिंडांनी काम सोडलं ते सोडलंच. भाद्रपद लागायच्या आदल्या दिवशी भर दुपारी सावित्रीबाई गेल्या. प्रशांत धाय मोकलून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. त्याचं आईवर फार प्रेम होतं. त्या प्रेमाचा आईला काडीचा उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता निशिगंधाकडं बघा. सुतकाचे दिवस चालू असतानाच ती विद्यापीठात जाऊ लागली, म्हणून राणीनं नाक मुरडलं. तिला काही सुचत नव्हतं. दवाखान्याकडून तिनं आईच्या रक्तातला जंतू मागून घेतला आणि तपासला. तोच गुण, तसल्याच गोल धाग्यावर, कोंबड्यांच्या शेडमध्ये सापडतो तसा. मग तिनं फ्रीजरमध्ये जपून ठेवलेले घरच्या शेडचे नमुने काढले. पुन्हा तपासले. वेगळ्या रीतीनं तपासले. साहेबांना तपासायला दिले. स्वच्छ. प्रत्येक वेळी स्वच्छ. म्हणजे शेडमधून आलं नाही. मग घरात आलं कुठून? दुसऱ्या शेडमधले तसले जंतू बशीत वाढवणारी, रोज हाताळणारी आणि त्याच हातांनी घरी येऊन आईला चहा देणारी, अशी घरात एकटी तीच होती. तिचं गणित चोख होतं. फक्त त्यात घातलेली एक गोष्ट तिच्या दिरानं खुराड्यातून खरवडून आणली होती.

तेरावं झालं. पाहुणे गेले. खालच्या खोलीत घरचीच माणसं उरली, आणि निशिगंधा अण्णांसमोर उभी राहिली.

"अण्णा, मला सांगायचंय काहीतरी," ती म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं, नेहमीसारखं, काही न राखता. जंतूतला गुण सांगितला, शेडचे नमुने पुन्हा पुन्हा तपासल्याचं सांगितलं. "शेडमधून आलेलं नाही. माझ्या लॅबमधून आलं असणार. माझ्या हाताला, नाहीतर कपड्यांना. मी हात धुते, पण कुठंतरी चुकलं असणार. आणि डॉक्टरांना ते औषध द्या असं मीच सांगितल्यासारखं झालं. आई माझ्यामुळं गेल्या."

राणीनं शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला ओढून मांडीवर घेतलं. ही मुलगी काकूच्या हातून भरवल्याशिवाय जेवत नसे. तिनं काकूकडं जायला हात केले, तर राणीनं तिचे हात पदराखाली धरून ठेवले.

अण्णा एवढ्या हळू बोलले की ऐकायला पुढं वाकावं लागलं. "तुला सून म्हणून आणली मी. तू माझ्या घरात रोग आणलास. सावित्री तुला लेक म्हणायची." ते थांबले. "आजपासून या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. माझ्या ताटाला, पाण्याला हात लावायचा नाही."

निशिगंधानं युवराजकडं पाहिलं. युवराज फरशीकडं पाहत होता. त्यालाही आईच गेली होती.

"नोकरी सोडते मी," ती म्हणाली. "पत्र देऊन आलेय. पण भाऊजी, एक करू द्या मला. जुन्या शेडमध्ये एकदा मला स्वतः उतरू द्या. माझ्या हातानं नमुना घेते. नसणारच काही, पण एकदा बघू द्या. नाहीतर जन्मभर मला झोप लागणार नाही."

जुन्या शेडमध्ये त्याच आठवड्यात नवी पिल्लं उतरली होती. पहिले चार दिवस प्रशांतनं पावडर घातली नाही, हेही खरं आहे. मग पिल्लं हगायला लागली. मलकपेठचा माणूस आता काहीच न छापलेल्या पांढऱ्या पोत्यांतून माल द्यायचा. ती पोती कालच आली होती.

"काय बघणार आहेस तिथं?" प्रशांत म्हणाला. त्याचा आवाज इतका मऊ होता की राणीनंही चमकून पाहिलं. "शेड धुऊन चुना मारला. जुनं तूस शेतात गेलं. आणि सापडलं काही, नाही सापडलं काही, आई परत येणार आहे का? तू स्वतः इतक्यांदा तपासलंस. अजून किती छळशील स्वतःला?"

मग तो अण्णांकडं वळला.

"अण्णा, तिला टाकून बोलू नका," तो पुढं म्हणाला. "मुद्दाम का केलं तिनं? चूक माणसाच्याच हातून होते. मी नाही तिच्यावर राग धरणार. आईनंही नसता धरला."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी माणसासारखं बोललं होतं. आतापर्यंत न रडलेली ती पोर तिथं हुंदके देऊन रडली. मग पुढं आली, गुडघे टेकले आणि दिराच्या पायांवर कपाळ ठेवलं.

"तुमचे उपकार कसे फेडू, भाऊजी," ती म्हणाली.

प्रशांतनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणाला.